कोपीवरची दिवाळी: काय द्यावं, काय देऊ नये

दसरा उलटला की आमच्या शिरोळ तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरायला लागतात. बहुतेक बीडकडच्या. साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते न पडते तोच दिवाळी येते, आणि ती या लोकांना फडातच गाठते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची. लक्ष्मीपूजनाची सुट्टी कसली घेताय? पोरं कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, नाहीतर आईच्या मागं फडात.

आम्ही जयसिंगपूरच्या काही जणी दिवाळीआधी या पोरांसाठी वस्तू गोळा करतो. लोक सढळ हातानं देतात, पण काय देतात ते एकदा बोललंच पाहिजे. चिवडा-लाडूची पाकिटं प्रत्येक मंडळाकडून येतात, बॅनरसकट. जाळीचे चमचमते फ्रॉक तर नकोतच. उसाच्या पात्याला धार असते, पाचटात तो फ्रॉक दोन दिवस टिकत नाही. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट द्या, मुलगी असली तरी. आणि फटाके? कोपी बांबूची, वर चटई नाहीतर पाचट. एका काकांनी खोका भरून फटाके दिले, वर ‘पोरांचा आनंद हिरावू नका’ म्हणून आम्हालाच सुनावलं. काका, आधी तुमच्या कडब्याच्या गंजीशेजारी लावून बघा.

खरी गरज चपलांची. तोडलेल्या उसाचे बुडखे तळपायात घुसतात. मापासाठी आम्ही रद्दी पेपर आणि पेन नेतो. पेपरवर पाऊल ठेवायचं, भोवतीनं पेन फिरवायचं. गुदगुल्या झाल्या की पोरगं खिदळतं, पाय हलतो, रेघ भलतीकडं जाते, पुन्हा काढा. बाजूला नाव लिहायचं. एक बाई म्हणाली, “ताई, बोटभर वाढीव धरा. पट्टा पडंस्तोवर पुरली पायजे.” म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत. दुकानदारालाही आता सवय झालीय, पेपरचे तुकडे काउंटरवर पसरून तो जोड लावत बसतो.

दुसरी वस्तू बॅटरी. तोडीला आई-बाप अंधारातच निघतात आणि कोपीवर लाइट नसते. चार्जिंगची नको, चार्ज कुठं करणार? सेलची द्या, जादा सेलांसकट.

वाटपाला आम्ही पोरांची रांग लावत नाही. पिशवी आदल्या दिवशी आईच्या हातात. अभ्यंगाच्या आंघोळीनंतर द्यायची की पाडव्याला, ते तिचं ती ठरवेल. यावरून आमच्यातच दरवर्षी वाजतं, कारण देणाऱ्यांना फोटो हवा असतो. मी पाठवते की फोटो. बिलाचा.

यंदा बारक्यांची मापं झालीत. राहिलीत ती बारा-तेरा वर्षांची. ही पोरं दिवसा कोपीवर सापडतच नाहीत, मोळ्या बांधायला गेलेली असतात. त्यांच्यासाठी रात्री जेवणाच्या वेळी जावं लागतं. येत्या शनिवारी कुणाची गाडी मोकळी असेल तर कळवा. रद्दी आहे माझ्याकडं.