स्फेरॉइडमधील जिवंत पेशी मोजताना : माझा अनुभव

औषध दिलेल्या स्फेरॉइडमधील, म्हणजे पेशींच्या त्रिमितीय गोळ्यांमधील, जिवंत पेशींचे रीडिंग औषध न दिलेल्या कंट्रोलपेक्षा जास्त येत होते आणि या एका विसंगतीत माझे पाच आठवडे गेले. घणसोलीजवळच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी.चे काम करते. स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ या प्रकारच्या पेशींचे हे गोळे ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) गोल तळाच्या प्लेटमध्ये चौथ्या दिवशी व्यवस्थित तयार झाले होते. त्यात काहीच अडचण आली नाही.

अडले ते एटीपी, म्हणजे जिवंत पेशींतील ऊर्जा पुरवणारा रेणू, मोजताना. पेशी फोडल्यावर बाहेर येणारे एटीपी ल्युसिफरेज या प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराच्या अभिक्रियेत वापरले जाते आणि निघणाऱ्या प्रकाशावरून जिवंत पेशींचा अंदाज येतो. पण गोळ्याच्या आतली पेशी फुटलीच नाही, तर ती हिशेबात येत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेल्या कागदावर ‘दोन मिनिटे हलवा, दहा मिनिटे थांबा’ असे लिहिलेले होते, जे सपाट थरातील पेशींसाठी योग्य आहे. पेशी फोडणारे द्रावण पांढऱ्या प्लेटमध्ये काढून घेतल्यावर मागे उरलेली पारदर्शक प्लेट मी एकदा सहज सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा कंट्रोलचे घट्ट गोळे जवळजवळ अखंड दिसले. औषधाने सैल झालेल्या गोळ्यांत द्रावण शिरत होते, म्हणून तेच अधिक जिवंत भासत होते. तुम्ही ही तपासणी पहिल्याच दिवशी करा.

मला उशीर होण्यास यंत्राची वेळही कारणीभूत होती आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. सामायिक ल्युमिनोमीटर (प्रकाश मोजणारे यंत्र) व प्लेट हलवणारा शेकर एकाच खोलीत, अर्जावर दोन सह्या, आठ दिवसांची प्रतीक्षा आणि हाती फक्त अर्धा तास. अशा घाईत थांबण्याचा काळ वाढवून पाहावा, हे सुचतही नाही. शेवटी आमच्या सरांनी दोन सलग वेळा मिळवून दिल्या. पाच मिनिटे जोरात हलवून पंचवीस मिनिटे थांबल्यावर कंट्रोलचे रीडिंग वर गेले, आणि त्या संध्याकाळी ठाण्याची लोकल पकडताना मला खरोखर हलके वाटले.

गोळा ५०० मायक्रॉनपेक्षा मोठा होऊ देऊ नका. ऑक्सिजन न पोहोचल्याने गाभ्यातील पेशी आपोआप मरतात आणि दोष औषधावर जातो. कडेच्या वेलमधील माध्यम लवकर आटते, म्हणून तेथे फक्त बफर भरावे. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध वापरत असाल, तर मृत पेशी दाखवण्यासाठी प्रोपिडियम आयोडाइड हा लाल चमकणारा रंग घेऊ नका, कारण डॉक्सोरुबिसिन स्वतःच लाल चमकते.