तारेच्या अंगठ्या : तांब्यावरच्या सरावाची नोंद

मण्याभोवती तार गुंडाळून केलेल्या अंगठीत कोठेही डाग (वितळवलेल्या धातूचा जोड) दिलेला नसतो आणि मणी धरून ठेवायला कोंदणही नसते. ती टिकते ती केवळ तारेच्या ताठपणावर. त्यामुळे तार कधी नरम आहे, कधी कडक होत चालली आहे आणि नेमके कोठे थांबायचे, हे बोटांना कळणे नवनवीन नमुने शिकण्यापेक्षा अधिक गरजेचे आहे, असे माझे मत आता पक्के होत चालले आहे.

सरावासाठी मी तांबेच निवडले. मोटार वाइंडिंगची तार स्वस्त असते आणि वजनावर मिळते, परंतु तिच्यावर इनॅमलचा लेप असतो. पक्कड घसरली की तो लेप खरवडला जातो आणि तार तापवली की जळून धूर होतो, म्हणून नरम करून पुन्हा वापरण्याच्या कामाला ती निरुपयोगी आहे. बारीक बांधणीसाठी मात्र विकत काही आणण्याची आवश्यकता नाही. घरातल्या विजेच्या जोडणीतून उरलेल्या १.५ चौरस मिमीच्या वायरचे प्लास्टिक सोलले, तर आत साधारण ०.३ मिमी जाडीचे तांब्याचे बावीस धागे मिळतात आणि ते लेपाविना असतात.

गेजबाबत, म्हणजे तारेच्या जाडीच्या क्रमांकाबाबत, सावध राहावे. परदेशी चित्रफितींमधले २० गेज हे बहुधा अमेरिकन मापाचे, म्हणजे ०.८१ मिमी असते. ब्रिटिश एसडब्ल्यूजी मापात तेच २० गेज ०.९१ मिमी भरते, आणि आपल्याकडच्या तारेच्या दुकानांत हे दुसरे माप सर्रास चालते. अंगठीच्या वळ्याला या फरकाने बाधा येत नाही, परंतु मण्याचे भोक जेमतेम १ मिमीचे असेल, तर त्यातून तार सहज सरकेल की मणी तडकेल, हे त्या एक दशांश मिलिमीटरवरच ठरते. म्हणून मी दुकानात गेज सांगण्याऐवजी मिलिमीटर सांगते आणि मणी बरोबर नेते. काचेच्या मण्यांपेक्षा अकीक या ताणाला बराच अधिक सोशिक आहे.

आता मापाकडे. अंगठीच्या भारतीय क्रमांकात ४० मिळवले की आतील परिघ ढोबळमानाने मिलिमीटरमध्ये मिळतो. १४ क्रमांकाच्या अंगठीचा परिघ सुमारे ५४ मिमी आणि व्यास १७ मिमीच्या किंचित वर असतो. मण्याभोवती तारेचे फूल करणारे वेढे आवळताना वळे आत ओढले जाते, म्हणून १४ची अंगठी हवी असल्यास मी मापाच्या दांड्यावर १५ किंवा १६च्या खुणेवर गुंडाळायला घेते.

सध्या करते तो नमुना साधाच आहे. ३५ ते ४० सेमी तारेच्या मध्यावर ६ मिमीचा मणी ओवायचा, तो दांड्यावर टेकवून दोन्ही टोके मागून फिरवून पुढे आणायची आणि मण्याच्या दोन बाजूंना परस्परांविरुद्ध घेऊन एकाच दिशेने मण्याभोवती फिरवायची. पहिला वेढा मण्याच्या बुडाशी घट्ट बसला पाहिजे, कारण पुढचे वेढे त्याच्यावरच टेकतात. तो सैल राहिला, तर फूल कलते आणि नंतर कितीही दाबले तरी सरळ होत नाही. येथे पक्कड बाजूला ठेवून अंगठ्याच्या पेराने तार दाबत नेली, तर ओरखडे पडत नाहीत, शिवाय तारेचा प्रतिकार वाढत चालल्याचे हाताला थेट जाणवते. दोन वेढ्यांनंतर ०.८१ मिमीची तार स्पष्टपणे अडू लागते. तिसरा वेढा घेण्याचा मोह आवरून उरलेली टोके वळ्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन वेळा गुंडाळून संपवणे मला आता अधिक पसंत आहे.

तांबे वाकवले, ओढले किंवा ठोकले की कडक होते. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर केले जाणारे मठारकाम याच गुणावर उभे आहे : ठोक्यांनी नक्षी उमटते, आणि पत्राही ताठ होतो. अंगठीलाही शेवटी दांड्यावर ठेवून नायलॉनच्या हातोडीने हलके ठोके दिले, तर वळे पुन्हा गोल होते आणि बोटात सहज चेपत नाही. उलट तार कामाच्या मध्येच कडक झाली, तर ती तापवून नरम करता येते. अंधुक उजेडात मंद लालसर रंग दिसताच आच काढायची आणि तार पाण्यात बुडवायची. पोलाद असे विझवल्यावर कडक होते, तांबे नरमच राहते. वर चढलेला काळा थर चिंचेने किंवा लिंबू-मिठाने निघतो. अर्थात मणी ओवल्यानंतर हा मार्ग बंद होतो, म्हणून तापवायचे ते आधीच. ०.३ मिमीचे धागे मात्र ज्योतीत धरू नयेत. ते क्षणात वितळतात.

टोकांची सफाई हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग आहे. फ्लश कटरची सपाट बाजू वेढ्याकडे ठेवून तार कापायची, टोक वळ्याच्या आतल्या नव्हे तर बाहेरच्या अंगाला येईल असे पाहायचे, बारीक कानस एकदाच फिरवायची आणि पकडीने ते वेढ्यात दाबून टाकायचे. त्यानंतर मी अंगठी जुन्या शिफॉनच्या ओढणीवरून सर्व दिशांनी फिरवते. एकही धागा अडकला, तर पुन्हा कानस.

आपल्याकडच्या नथीत बारीक सोन्याच्या तारेने मोती बांधतात, ते काम भिंगातून पाहिले की टोक लपवणे म्हणजे काय हे कळते. तेथे शेवट सापडतच नाही. माझ्या अंगठीत तो अजूनही लगेच दिसतो.

यापुढे चांदीची तार घ्यायची आहे. शुद्ध चांदी वळ्यासाठी फार मऊ पडते, म्हणून ९२५ची (९२.५ टक्के चांदीची), अर्धवट कडक अवस्थेतली ०.८ मिमी तार घेण्याचा विचार आहे. तत्पूर्वी दोन वेढ्यांचे फूल तांब्यात न कलता सलग जमले पाहिजे.