म्युटन्स, म्युटासिन आणि माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचा प्रोजेक्ट केला बेळगावात, नमुने मात्र निपाणी-खानापूर भागातले. दातांवर राहणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जीवाणू शेजारच्या जीवाणूंना मारायला म्युटासिन नावाची पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, सोडतो. ती कधी सोडायची हे त्याला कसं कळतं, हे मला बघायचं होतं.

संमतीपत्रं कन्नड-मराठी दोन्हींत छापली, समितीची मंजुरी रडतखडत आली. निपाणीत एका आजींनी कागद हातात घेतला नि म्हणाल्या, "पोरी, तोंडात दातच न्हाईत, काय खरवडतीस?" खरंच होतं. म्युटन्सला चिकटायला दात किंवा कवळी लागते, नुसत्या हिरड्यांवर तो टिकत नाही. आजींनी सुनेला पुढं केलं. चहा मात्र मला घ्यावाच लागला.

साखर आणि इतर जीवाणूंना रोखणारी बॅसिट्रॅसिन, टेल्युराइट ही द्रव्यं घातलेल्या आगरवर (जीवाणू वाढवायच्या जेलीवर) दोन दिवसांत खरखरीत काचेसारख्या निळसर कॉलनी आल्या. लूप (तारेचा फास) लावला की अख्खी कॉलनी सरकते, तुटत नाही; साखरेपासून बनवलेल्या ग्लुकान या चिकट पदार्थाचा हा परिणाम.

मग त्यांचे ठिपके लावून वर दुसऱ्या जीवाणूचा मऊ आगर ओतायचा आणि भोवती स्वच्छ कडं पडतं का, म्हणजे तिथला दुसरा जीवाणू मेला का, बघायचं. काही तासांच्या ठिपक्यांभोवती जेमतेम, रात्रभर वाढलेल्यांभोवती ठसठशीत! कारण गर्दी. कॉमसी जनुकापासून बनलेलं पेप्टाइड पेशीबाहेर पडतं. तिथं सेपएम हे एंझाइम त्याची शेवटची ३ अमिनो आम्लं छाटून २१ वरून १८ करतं. गर्दी वाढली की ते साचतं, पेशीच्या आवरणातलं कॉमडी हे प्रथिन ते ओळखतं, कॉमई या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट देतं आणि कॉमई म्युटासिनची जनुकं चालू करतं. सोबत स्वतःला वाचवणारी प्रथिनंही बनतात, नाहीतर पहिला बळी तोच.

एक नमुना रात्रभर ठेवूनही गप्प होता. सरांनी मागवलेलं कृत्रिम १८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड टाकलं आणि कडं पडलं! म्हणजे ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. बिघाड बहुधा कॉमसीत. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये मला हीच प्लेट आवडली.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) बाहेरच्या मॅडमनी नेमका तिढा काढला: "बाहेरचा डीएनए आत घेण्याची क्षमताही कॉमईच चालू करतं ना?" न्यूमोनियाच्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये तसंच आहे. म्युटन्समध्ये ते काम थेट कॉमआर हे प्रथिन करतं, त्याला इशारा देणारं पेप्टाइड वेगळं, असं मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मग न्यूमोनियाच्या जीवाणूत म्युटासिनसारखी पेप्टाइडं कोण चालू करतं?"

बीएलपी नावाची वेगळी यंत्रणा, मी म्हणाले. सही झाली.