झर्चर स्क्वॉट: पैलवानानं बार कोपरात का घ्यावा

कोल्हापुरात मांडीच्या मेहनतीचा विषय निघाला की पहिलं उत्तर बैठक. त्यात चूक काही नाही. दम वाढवायला आणि मांडीला रग आणायला बैठकेला तोड नाही. पण बैठकेत वजन आपल्याच शरीराचं असतं. दुहेरी पट धरून, म्हणजे दोन्ही पाय पकडून, समोरच्याला मातीतून वर घ्यायची वेळ आली की सत्तर-ऐंशी किलोचा गडी आपल्या पोटासमोर असतो, हात दुमडलेले असतात आणि तो आपल्याला पुढं ओढत असतो. अशा वेळी मांडी शाबूत असते, पाठीचा वरचा भाग आधी वाकतो आणि पट तिथंच फसतो. झर्चर स्क्वॉट, म्हणजे बार कोपरांच्या घडीत धरून खाली बसून उठायचा व्यायाम, याचं काम याच जागी आहे.

एड झर्चर हा १९३०च्या दशकातला अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराचा ताकदवान गडी. व्यायामाला नाव त्याचंच. बार जमिनीवरून उचलून कोपरात घ्यायचा आणि उभं राहायचं, ही त्याची मूळ रीत. आज बहुतेक जण रॅकवरून, म्हणजे बार अडकवून ठेवायच्या उभ्या सांगाड्यावरून घेतात आणि शिकतानाही तसंच घ्यावं.

बार मानेमागं असतो तेव्हा धड पुढं झुकतं आणि खुबा, कंबर जास्त काम करतात. फ्रंट स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार खांद्यांवर पुढून घेतला की, धड ताठ राहतं, पण मनगट आणि खांदा मोकळा लागतो. बोटं मोडलेल्या, खांदे आखडलेल्या पैलवानाला ती पकडच जमत नाही. झर्चरमध्ये मनगटाचा प्रश्न येत नाही. बार पोटाला लागून राहतो आणि तो पुढं जाऊ नये म्हणून पाठीचा वरचा भाग, पोट आणि दंड सतत ताणलेले राहतात. कोल्हापूरच्या गूळ बाजारात ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, छातीशी धरून उचलणाऱ्या हमालाकडे बघा, शरीराची ठेवण हीच.

रॅकचे हुक बेंबीच्या आसपास लावा. नेमकी खूण अशी: कोपर दुमडून बार जिथं धरणार, त्याच्या दोन-तीन इंच खाली. म्हणजे गुडघे थोडे वाकवून बारखाली जाता येतं आणि सरळ झालं की बार हुकमधून सुटतो. हुक उंच लावले तर बार काढताना चवड्यावर उभं राहावं लागतं आणि परत ठेवताना एक बाजू हुकला चुकते. खालच्या आडव्या सेफ्टी रॉडची उंचीही आधीच ठरवा: पूर्ण खाली बसल्यावर बार जिथं येतो, त्याच्या दोन बोटं खाली. हे टाळू नका, कारण झर्चरमध्ये वजन सुटलं तर ते आपल्याच मांड्यांवर येतं.

आता हात. कोपर दुमडल्यावर आत जी घडी पडते तिथं बार बसतो, पण अगदी मधोमध नको. घडीतच बायसेप्सची जाड कंडरा हाताला लागते, तिच्यावर सगळं वजन दिलं की दुसऱ्या दिवशी हात सरळ होत नाही. बार तिच्यापासून किंचित हाताच्या पंजाकडे, म्हणजे कोपराखालच्या हाताच्या सुरुवातीला घ्या. मुठी हनुवटीखाली, तळवे आपल्याकडे, दोन्ही हातांत खांद्याइतकं अंतर. आधी कोपर पूर्ण दुमडायचं, मग वजन घ्यायचं. वजन आल्यावर कोपर उघडू द्यायचं नाही. पुढं जो त्रास होतो तो बहुतेक इथूनच सुरू होतो.

टोचतं म्हणून लोक बारावर जाड फोमचा पाइप चढवतात. तो बारावर फिरतो आणि बार हातातून खाली घसरू लागतो. साधा टॉवेल दोन वेढे घट्ट गुंडाळून वर चिकटपट्टी मारली तरी पुरतं. पूर्ण बाह्यांचा टीशर्टही चालतो. पहिले दोन आठवडे लालसर वळ उठतात, नंतर कातडी सवय करून घेते. मुंग्या येत असतील किंवा करंगळी बधिर होत असेल तर मात्र ती सवयीची गोष्ट नाही, बार खाली ठेवा.

बार घेतला की मागं दोनच पावलं. पाय खांद्यापेक्षा चार बोटं रुंद, बोटं थोडी बाहेर. खाली बसल्यावर कोपरं दोन्ही गुडघ्यांच्या आत यायला हवीत. पाय जवळ ठेवले तर कोपरं मांडीवर आपटतात आणि बैठक अर्ध्यावर थांबते. श्वास पोटात, बरगड्यांच्या बाजूलाही भरा आणि रोखा. दोन-तीन सेकंदांत खाली जा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेला, बार पावलाच्या मध्यावर, टाच जमिनीला. वर येताना छाती आणि कंबर एकाच वेळी उठली पाहिजेत. श्वास अर्ध्याच्या वर आल्यावर सोडा.

तालमीतल्या पोरांची हमखास चूक टाचेत असते. बैठकेत टाच उचलून चवड्यावर जायची शरीराला इतकी सवय असते की बार घेऊनही तेच होतं, वजन पुढं जातं आणि बार पोट सोडतो. घोटा आखडलाय का हे भिंतीपाशी बघा: पायाचं बोट भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लागायला हवा. लागत नसेल तर काही दिवस टाचांखाली छोट्या अडीच किलोच्या प्लेट ठेवून करा आणि घोटा रोज मोकळा करा. प्लेटची कायमची सवय लावून घेऊ नका.

पाठीबद्दल थोडं वेगळं मत आहे. जिममध्ये काही जण पाठीला जरा बाक आला की आरडाओरडा करतात. झर्चरमध्ये खांद्यांच्या मागचा भाग थोडा गोल होतोच, पैलवानाचा पवित्राही तसाच असतो, ते चालतं. कंबर गोल झालेली चालत नाही. बाजूनं मोबाइलवर चित्रण करून चड्डीच्या पट्ट्याकडे बघा. तळाला पट्टा आत वळायला लागला की त्याच्या दोन इंच वरच थांबा, ती तुमची आजची खोली.

वजनाचा हिशेब लोक इथंही चुकवतात. खांद्यावर १०० किलो मारणाऱ्यानं झर्चरमध्ये पहिल्या दिवशी २० किलोचा मोकळा बार घ्यावा, मुलींनी मिळाला तर १५ किलोचा. ८ चे तीन सेट. मग दर आठवड्याला ५ किलो, ५० किलोच्या पुढं अडीच. ४० किलोनंतर एका सेटमध्ये ५ किंवा ६ पुरेत, कारण मांडी दमायच्या आधी पाठ आणि हात दमतात. पंधरा-वीस मारून मांडी जाळण्याचा हा व्यायाम नाही, त्यासाठी बैठका आहेत. दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. बार पोटापासून सुटला की सेट संपला, आकडा काहीही असो. वजन वाढत नसेल तर तेच वजन घेऊन तळाला २ सेकंद थांबा. पट काढून उठताना जी धडपड होते, तिला याचा उपयोग जास्त होतो.

आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये दोन दिवसांची सुट्टी. सकाळी हौद्यात, म्हणजे आखाड्याच्या मातीत, जोड खेळायची असेल तर त्याआधी नको, संध्याकाळी करा. पावसाळा यासाठी उत्तम. १९१२चं आपलं खासबाग असो की गावच्या जत्रेचं मैदान, उघड्यावरच्या कुस्त्या तेव्हा थांबलेल्या असतात आणि ताकद वाढवायला निवांत महिने मिळतात. दिवाळीनंतर मैदानं सुरू झाली की आठवड्यातून एकदा, कमी सेट.

पोटाबद्दल एक कोल्हापुरी सूचना. बार थेट पोटावर दाबतो. दूध कट्ट्यावर ग्लासभर धारोष्ण दूध पिऊन किंवा मिसळ हाणून लगेच झर्चरला उभं राहिलात तर तिसऱ्याच रेपला ते घशाशी येतं. पूर्ण जेवणानंतर अडीच-तीन तास जाऊ द्या. हर्निया, वाढलेला रक्तदाब, कंबरेची सरकलेली गादी किंवा दंडाची जुनी दुखापत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

तालमीत रॅक नसेल तर झर्चरची मूळ रीत वापरता येते, पण महिनाभर रॅकवर शिकल्यानंतरच. डेडलिफ्टसारखा, म्हणजे हात सरळ ठेवून जमिनीवरून, बार गुडघ्याच्या वर आणा, खाली बसून तो मांड्यांवर टेकवा, एकेक कोपर खाली घालून उभे राहा. ठेवताना उलट क्रम: बसा, बार मांडीवर टेकवा, हातानं धरून मग खाली. वजन रॅकवरच्यापेक्षा निम्मं. उभ्या उभ्या कोपरातून बार सोडून देणाऱ्याला वस्तादांनी तालमीच्या बाहेर उभं करावं, कारण तो बार नडगीवर येतो.