दर महिन्याला एक पंप

त्या ताई आल्या त्या इंजेक्शनची चौकशी करायलाच. वय चौतीस, पुण्यात पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायचं काम. एका हिवाळ्यात तीनदा रात्री इमर्जन्सी गाठावी लागलेली. कुणीतरी सांगितलं होतं, दम्यावर आता महिन्याला एक इंजेक्शन निघालंय. खर्च त्यांच्या पगाराच्या कितीतरी पट. नवऱ्यानं गावाकडच्या जमिनीला गिऱ्हाईकही बघून ठेवलेलं.

कागद पाहिले. रक्तातले इओसिनोफिल, म्हणजे ऍलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ७८०; वाढलेलेच. मग आमच्या यंत्रात फुंकायला लावलं. दहा सेकंद एकसारखी फुंकर मारायची, की श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजला जातो. या तपासणीला आम्ही फेनो म्हणतो. प्रौढांत पन्नासच्या वर गेला तर जास्त, ताईंचा ९२.

हे दोन आकडे वाढलेले असले की आम्ही छातीचे डॉक्टर खरं तर खूश होतो. श्वासनलिकांतली सूज अशा जातीची, की तिच्यावर पंपातलं स्टेरॉइड उत्तम चालतं. आणि ते पुरलं नाही, तर इंजेक्शनही याच रुग्णांना लागू पडतं. यातलंच एक इंजेक्शन, मेपोलिझुमॅब, सुरुवातीला सरसकट दमेकऱ्यांना देऊन पाहिलं तेव्हा फारसा फरक दिसला नव्हता. २००९ मध्ये इओसिनोफिल वाढलेलेच रुग्ण निवडून दिलं, तेव्हा दम्याचे झटके निम्म्याच्या आसपास आले. (आपल्याकडे जंतांनीही इओसिनोफिल वाढतात, म्हणून नुसत्या रक्तावर मी विसंबत नाही.)

म्हणजे इंजेक्शन लिहून दिलं असतं तर गुण आलाच असता आणि माझंही कौतुक झालं असतं. पण मोठ्या डोसचा पंप सुरू असताना ९२?

"पंप रोज घेता ना?"

"महिन्याला एक संपतो, डॉक्टर." त्यांनी मेडिकलची बिलं समोर ठेवली. १२० फवाऱ्यांचा पंप, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. हिशोब चोख जुळत होता.

तरी म्हटलं, आठवडाभर कामावर जाताना इकडून जा. पंप आमचा, फवारे स्पेसरमधून, म्हणजे पंपाला लावायच्या नळकांड्यातून, सिस्टरसमोर. काही केल्या फेनो उतरला नाही, तर दमा खरोखरच हट्टी. उतरला, तर औषध आजवर छातीत गेलेलंच नाही. त्या थोड्या नाराज झाल्या, पण आल्या. चौथ्या दिवशी ५८. सातव्या दिवशी ३३.

मी तो कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि गप्प बसलो. रागावलो असतो तर त्या परत आल्या नसत्या, हे एवढ्या वर्षांत कळलंय. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "पंप संपतोच हो. पण मी एकटी नाही घेत."

अकरा वर्षांचा मुलगा. पाचवीपासून रात्री खोकायचा, छातीत सूं सूं वाजायचं. सासूबाईंच्या मते पोराला पंप लावला की जन्माची सवय लागते, म्हणून त्याला डॉक्टरकडे नेलंच नव्हतं. आई स्वतःच्या पंपातून सकाळ-संध्याकाळ त्याला द्यायची आणि स्वतः धाप लागली तरच घ्यायची. दोन पंप महिन्याला परवडत नव्हते.

मी विचारलं होतं, "पंप घेता ना?" त्यांनी उत्तर दिलं होतं, "संपतो." दोन्हींतला फरक माझ्या कानावरून गेला, तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन आल्या. सासूबाईही बरोबर होत्या, तोंड घट्ट मिटून. मुलगा यंत्राशी खेळ असल्यासारखा फुंकला. फेनो १४. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारी तपासणी, नॉर्मल. वर्षभरात शाळेचा एकही दिवस बुडाला नव्हता म्हणे.

आईच्या आकड्यांवरून मी औषधाचा जो गुण अपेक्षिला होता, तो असा मुलाच्या कागदावर उमटला होता. फक्त मोठ्या माणसाचा डोस पोराच्या पोटात, म्हणजे छातीत, चालला होता. तो उतरवायला हवा होता. मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोन वेगळी नावं घालून. सासूबाईंनी दोन्ही उचलल्या, चष्मा लावून वाचल्या आणि विचारलं, "यातला स्वस्त कुठला?"

"मुलाचा," मी म्हणालो.


त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या पिशवीत टाकल्या.