दहा-अकराचा पाना

आमच्या गाडीच्या डिक्कीत, स्टेपनीच्या शेजारी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला दहा-अकराचा, म्हणजे दहा आणि अकरा मिलिमीटरच्या नटांचा, एक पाना असतो. वडिलांनी तो त्यांच्या १९९७ सालच्या मारुती ८०० साठी आणला होता. पुढे गाडी विकली गेली, पाना राहिला. गाडी अडली की माझा हात आधी या पान्याकडे जातो आणि मग मिस्त्रींना फोन करायला. या दोन हालचालींच्या मधे जो घटकाभर विचार होतो, त्याने माझे बरेच पैसे वाचवले आहेत आणि जवळजवळ तितकेच घालवले आहेत.

वाचवले ते असे. एका सकाळी त्या मारुतीची किल्ली फिरवली तर इंजिन गप्प आणि नुसता कट-कट आवाज. बॅटरी गेली, असे शेजाऱ्यांनी गॅलरीतूनच जाहीर केले. बॉनेट उघडून पाहिले, तर टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचली होती. बॅटरीत वीज होती, तिला बाहेर पडायला वाट नव्हती. आधी मायनसची बाजू सोडवायची, कारण प्लसचा नट फिरवताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. मायनस आधीच सुटलेले असेल, तर पाना टेकूनही काही होत नाही. खायचा सोडा घातलेले गरम पाणी, जुना टूथब्रश, वरून बोटभर व्हॅसलीन, आणि जोडताना क्रम उलटा. वीस मिनिटांत गाडी सुरू झाली, आणि माझी मती फिरली.

पुढच्याच रविवारी मी स्पार्क प्लग बदलायला घेतले. मारुतीचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, म्हणजे प्लग तीनच, आणि तेही डोळ्यांसमोर. दोन नीट बसले. तिसरा किंचित तिरका धरला गेला, अडतो आहे असे वाटताच मी पान्याने जोर लावला, आणि पोलादी प्लगने इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे खाऊन टाकले. प्लग आधी बोटांनीच फिरवायचा, तीन-चार आटे अलगद गेले तरच पाना लावायचा, हे मला नंतर कळले. नंतर म्हणजे गाडी टोचन करून गॅरेजमध्ये नेल्यावर. मिस्त्रींनी बॉनेटकडे न पाहता माझ्या काळ्या हातांकडे पाहिले आणि म्हणाले, “साहेब, आधी कुठं कुठं हात लावलाय ते सांगा.” हा प्रश्न ते मला आजही विचारतात.

काम आपले की मिस्त्रींचे हे ठरवताना लोक खर्च विचारतात, किंवा आपल्याला जमेल का ते विचारतात. माझा प्रश्न त्या रविवारपासून वेगळा झाला आहे: माझी चूक झालीच, तर ती कुठे उघडी पडेल? फ्यूज, वायपर, एअर फिल्टर, दिव्याचा बल्ब यांत चुकलो, तर गाडी फार तर दारात रुसून बसेल. आट्यांची चूकसुद्धा दारातच कळली, फक्त महाग पडली. ब्रेकचे तसे नाही. ब्रेकच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर तेल दाबले जात नाही पण हवा दाबली जाते, पेडल खाली बसत जाते आणि चाकाशी जोर पोहोचतच नाही. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि लांबलचक उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन तोच प्रकार घडतो. म्हणजे अंगणात केलेली ढिलाई ताम्हिणी घाटात उतरताना कळणार, तेही मागच्या सीटवर मुले असताना. म्हणून मी ब्रेकला हात लावत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरत नाही. इंजिन ऑइल बदलणे सोपे असूनही करत नाही, कारण ते तीन-साडेतीन लिटर काळे तेल नंतर ओतायचे कुठे? गॅरेजमध्ये त्यासाठी पिंप असते. सोसायटीत गटार असते.

आताच्या गाडीने हा हिशेब आणखी अवघड केला आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटे यंत्र जोडले की मोबाईलवर बिघाडाचा कोड उमटतो. एकदा माझ्या मोबाईलवर पी-०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नाही. मी प्लग आणायला निघालोच होतो. पण प्लग, त्याला वीज देणारी कॉइल आणि इंधन फवारणारा इंजेक्टर यांपैकी दोषी कोण हे तो कोड सांगत नाही. मिस्त्रींनी पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्याला लावली, दुसऱ्याची पहिल्याला, आणि कोड पुन्हा वाचायला सांगितला. आता पी-०३०२ आला. दोष कॉइलबरोबर सरकला होता. ना यंत्र महाग, ना युक्ती अवघड; मला ती सुचली नाही, एवढेच.

सध्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवले की पुढच्या डाव्या चाकाकडून टक-टक आवाज येतो. वाकून पाहिले तर ॲक्सलच्या सांध्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटले आहे आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडाले आहे. हे काम माझे नाही, सोमवारी गाडी गॅरेजमध्ये न्यायची आहे. पण मधे रविवार आहे, आणि एअर फिल्टर बरेच दिवस साफ केलेला नाही. मिस्त्रींनी विचारले, तर तेवढाच सांगेन.