एसवायच्या पॉइंट गार्डकडून यंदा काय अपेक्षा ठेवायची

भाचा एसवायला गेला. बीकॉम करतोय, पण घरात त्याचा विषय निघाला की बीकॉमबद्दल कोणीच बोलत नाही, कारण गेल्या वर्षी एफवायला असताना तो कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आला, मधेच स्टार्टिंग पाचात पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून बाकीच्यांना खेळवणारा, म्हणून घुसला (सीनियर पॉइंट गार्डचा घोटा मुरगळला म्हणून, हे सगळे सोयीस्करपणे विसरतात) आणि इंटर-कॉलेजिएटच्या एका मॅचला बऱ्यापैकी बास्केट टाकून आला. झालं! आता यंदा युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये सिलेक्शन, मग वेस्ट झोन, मग थेट इंडिया कॅम्प असं गणित मांडून मंडळी मोकळी. पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली की, मग हा का नाही, असंही एक वाक्य मधेच येतं.

मी कॉलेजात खेळलोय, म्हणजे जास्त करून बेंचवरून पाहिलंय, आणि अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचं वेड मला तेव्हापासूनचं. तिकडची संध्याकाळी सातची मॅच थंडीत आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते, आणि मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे सरकली की साडेचारला, त्यामुळे या वेडाची किंमत झोपेत मोजावी लागते. पण इतकी वर्षं ते बघून दुसऱ्या वर्षाच्या पॉइंट गार्डबद्दल माझी काही मतं पक्की झालीयत आणि ती घरच्यांच्या गणिताशी अजिबात जुळत नाहीत.

सगळ्यात आधी तो "किती टाकले?" हा प्रश्न. फॅमिली ग्रुपवर मॅच संपायच्या आत हा मेसेज येतो. दोष त्यांचा पण नाही म्हणा. आपल्याकडच्या मॅचला टेबलावर जी स्कोअरशीट भरतात ना, तिच्यात पॉइंट असतात, फाऊल असतात, टाइमआऊट असतात, असिस्टचा, म्हणजे ज्या पासवर दुसऱ्याची बास्केट झाली त्याचा, रकानाच नसतो. टर्नओव्हरचा, म्हणजे हातून घालवलेल्या बॉलचा, तर प्रश्नच नाही. म्हणजे पॉइंट गार्डचं जे मुख्य काम आहे ते कागदावर येतच नाही, आणि जे कागदावर येत नाही ते दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. पॉइंट गार्ड चांगला खेळला तर बाकीच्या चौघांचे पॉइंट वाढतात, आणि कौतुक होतं त्या चौघांचं.

दुसरं म्हणजे पहिल्या वर्षी तुम्हाला कोणी ओळखत नसतं. हा फार मोठा फायदा असतो. दुसऱ्या वर्षी समोरच्या टीमच्या सरांना माहीत असतं की हा पोरगा कुठल्या हाताने जातो, कुठून शॉट मारतो, प्रेशर आलं की काय करतो. अमेरिकेत तर याचा व्हिडिओ काढून अभ्यास होतो. ड्यूक युनिव्हर्सिटीचा पॉइंट गार्ड ट्रे जोन्सचं बघा. 2018-19 ला तो फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला, बरोबर झायन विल्यमसन, आर.जे. बॅरेट, कॅम रेडिश वगैरे स्टार, त्यामुळे याचं काम बॉल आणून देणं आणि डिफेन्स. लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट मात्र 26 टक्केच बसायचा. मार्चमध्ये, त्यांच्या नॅशनल नॉकआऊट टूर्नामेंटमध्ये, सेंट्रल फ्लोरिडाने सरळ त्याला मोकळा सोडला, मार बाबा तिथून, आम्ही आत गर्दी करतो. ड्यूक ती मॅच कशीबशी एका पॉइंटने जिंकली, 77-76. मग झायन, बॅरेट, रेडिश सगळे एनबीएला, म्हणजे तिकडच्या प्रो लीगला, गेले आणि जोन्स परत आला. शाळा संपून एक वर्ष झालं की एनबीएचा दरवाजा उघडतो, त्यामुळे तिकडे दुसऱ्या वर्षाला परत येणारा पॉइंट गार्ड बहुतेक वेळा असाच असतो, काहीतरी एक गोष्ट बाकी राहिलेली आणि ती सगळ्या जगाला माहीत झालेली. जोन्सचा तीनचा शॉट दुसऱ्या वर्षी 36 टक्क्यांवर गेला, मॅचमागे पॉइंट साडेनऊच्या आसपास होते ते सोळावर गेले, आणि कॉन्फरन्सचा (ड्यूक ज्या कॉलेजांच्या गटात खेळते त्याचा) प्लेयर ऑफ द इयर झाला. पण माझ्या मते यात पॉइंट सगळ्यात शेवटी येतात. आधी तो शॉट बसला, त्यामुळे डिफेंडरला जवळ यावं लागलं, जवळ आला म्हणून त्याला पार करता आलं.

माझा सगळ्यात आवडता मात्र पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा पॉइंट गार्ड ब्रेडन स्मिथ. सहा फुटांचा पोरगा, आपल्या एफसी रोडवर फिरला तर कोणी वळून बघणार नाही. 2023 च्या मार्चमध्ये, त्याच्या पहिल्या वर्षी, पर्ड्यू नंबर एक सीड (म्हणजे मानांकन) होती आणि सोळा सीडच्या फेअरली डिकिन्सनकडून 63-58 ने हरली. असं पुरुषांच्या टूर्नामेंटमध्ये त्याआधी फक्त एकदाच झालं होतं. पर्ड्यूकडे सात फूट चार इंचाचा झॅक ईडी, आणि समोर सगळी बुटकी पोरं, पण त्या बुटक्यांनी पर्ड्यूच्या फ्रेशमन गार्ड्सना इतकं सतावलं की ईडीपर्यंत बॉल धड पोचेचना. सगळा उन्हाळा स्मिथने काय ऐकलं असेल याची कल्पना करा.

आणि दुसऱ्या वर्षी हाच पोरगा मॅचमागे साडेसात असिस्ट, तीनचा शॉट 43 टक्के. आकडे ठीक, पण एक गोष्ट मी भाच्याला रिवाइंड करकरून दाखवलीय. ईडीच्या स्क्रीनवरून (ईडी डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहतो) सुटला की स्मिथ रिंगकडे पळत सुटत नाही. एक-दोन ड्रिबल टाकतो आणि वेग कमी करतो, मागून पाठलाग करणाऱ्या डिफेंडरला आपल्या पाठीवर घेतो, म्हणजे त्याला वळसा घालून पुढे येताच येत नाही. आता समोर त्यांचा सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू, एकटा, याच्यावर जाऊ की ईडीला धरू? तो अर्धं पाऊल पुढे आला की बॉल खालून बाऊन्स पासने ईडीच्या हातात. नाही आला तर फ्री थ्रो लाइनच्या जवळून साधा शॉट. यात धावणं-उडी मारणं काहीच विशेष नाही. सगळी गंमत हळू होण्यात आहे, आणि फ्रेशमनला हळू होणं जमत नाही कारण त्याला वाटतं थांबलो की बॉल जाणार.

ती टीम 2024 च्या फायनलला गेली. अमेरिकेत सोमवारची रात्र, आपल्याकडे 9 एप्रिलची सकाळ, म्हणजे नेमका गुढीपाडवा. मी एका डोळ्याने मॅच आणि दुसऱ्या डोळ्याने गुढीची काठी बघत होतो. समोरच्या कनेक्टिकटने सरळ ठरवलं होतं की ईडीने काय टाकायचे ते टाकू देत, बाकीच्यांना सोडायचं नाही. ईडीने 37 टाकले आणि पर्ड्यू 75-60 ने हरली, अख्ख्या मॅचमध्ये तीनची बास्केट फक्त एक. म्हणजे समोरच्यांनी स्मिथचे पास जिथे जातात ते रस्तेच बंद केले. इतका भारी सीझन झाला तरी शेवटी कोणीतरी उत्तर शोधून काढतंच, आणि मग तिसऱ्या वर्षाचा अभ्यास सुरू.

अजून एक, टर्नओव्हर वाढले तर घाबरायचं नाही. टायरीज हॅलिबर्टन आयोवा स्टेटला पहिल्या वर्षी मॅचमागे एकपेक्षा कमी टर्नओव्हर करायचा, दुसऱ्या वर्षी ते तीनच्या जवळ गेले, कारण आता बॉल सगळा वेळ याच्याच हातात. पण असिस्ट पण साडेतीनवरून साडेसहावर गेले ना. मरे स्टेटचा जा मोरँट तर दुसऱ्या वर्षी, 2018-19 ला, मॅचमागे वीसच्या वर पॉइंट आणि दहा असिस्ट करणारा एनसीएएतला (तिकडची कॉलेज खेळांची संघटना) पहिला खेळाडू ठरला, आणि त्याच सीझनमध्ये त्याचे टर्नओव्हर पाचच्या वर होते. बॉल ज्याच्या हातात त्याच्याच हातून जाणार.

आता आपल्या गड्याकडे येऊ. तिकडचं सगळं इकडे लागू होत नाही हे मला कळतं. त्यांच्याकडे शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, 30 सेकंदांचा, आपण फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) नियमाने 24 वर खेळतो. बॉल अर्ध्या कोर्टाच्या पुढे न्यायला त्यांना 10 सेकंद, आपल्याला 8. दोन सेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं, पण समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावली, म्हणजे अख्ख्या कोर्टभर अंगावर आले, की त्या दोन सेकंदांत जीव जातो, आपली पोरं संध्याकाळी लक्ष्मी रोडला गाडी घातल्यासारखी मधेच अडकून पडतात. भाच्याचा सगळा प्रॉब्लेम इथेच आहे. त्याला डावीकडे ढकललं की दोन ड्रिबल डाव्या हाताने मारतो आणि मग पाठ फिरवून परत उजवीकडे येतो. दर वेळेला! त्या फिरण्यात त्याला कोर्ट दिसत नाही, आणि दुसरा डिफेंडर नेमका तेव्हाच येऊन बॉल काढून नेतो. गेल्या वर्षी हे एक-दोन टीमच्या लक्षात आलं होतं. यंदा पहिल्या मॅचपासून सगळे त्याला डावीकडेच ढकलणार, मी समोरचा सर असतो तर मीही तेच केलं असतं.

त्यामुळे माझी पहिली अपेक्षा ही की सुरुवातीच्या मॅचला तो गेल्या वर्षीपेक्षा वाईट दिसेल. हे आधीच माहीत असलेलं बरं.

डावा हात सुधारायला वेळ लागतो आणि पुण्यात पावसाळा मधे येतो. कॉलेजचं कोर्ट सिमेंटचं, उघडं. जुलैत सकाळी पोरं आधी वायपरने पाणी ढकलतात, मग कोपऱ्यातल्या शेवाळ्यावर पोतं टाकतात, आणि एवढं करून अर्धा तास बॉल बडवला की परत सर येते. इनडोअर कोर्ट भाड्याने घ्यायचं तर तासाचे पैसे कोण देणार. तिकडे 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना नाव-चेहरा वापरून पैसे कमावता येतात, आमच्याकडे बुटांचे पैसे बापाच्या खिशातून, आणि सिमेंटवर सोल सहा महिन्यांत गुळगुळीत. त्यामुळे मी त्याला सांगितलं की पार्किंगमध्ये मार ड्रिबल, बॉल घसरला तर घसरू दे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आवाजाबद्दल तक्रार केली. तो वेगळा विषय.

पण हाताबिताचं होईल हो. मला खरी काळजी वाटते ती तोंडाची. गेल्या वर्षी टीममधले सगळे त्याचे दादा. कॅप्टन दादा, सेंटर दादा, बेंचवरचे पण दादा. जो दादा हात वर करून बॉल मागेल त्याला पास, असा साधा कारभार होता. आता कॅप्टन पास होऊन गेला आणि बॉल याच्याकडे आला, पण टीवायचे दादा आहेतच की. पॉइंट गार्डने भर मॅचमध्ये ओरडून सांगायचं असतं की तू तिथून हल, कॉर्नरला जा, स्क्रीन दे. कोणाला? ज्याच्या गाडीवर मागे बसून आपण प्रॅक्टिसला येतो त्याला. परवा मी त्यांची प्रॅक्टिस बघायला गेलो होतो तेव्हा हा प्ले कॉल करत होता तो इतक्या हळू आवाजात की मला वाटलं स्वतःशीच काहीतरी पुटपुटतोय. सेंटर चुकीच्या बाजूला उभा, याला दिसतंय, आणि हा बोट दाखवतोय, कमरेच्या खाली, कोणाला दिसू नये असं. सर बाजूने ओरडले, "अरे सांग ना त्याला, लाजतोस काय!" तर म्हणाला, "दादा, जरा तिकडे येता का?" अख्खी टीम हसली. तो दादा पण हसला आणि गेला बिचारा तिकडे. पण 24 सेकंदांत "जरा येता का"ला वेळ कुठाय.

आणि सीझन तरी केवढा असतो आपला. तिकडे तीस-पस्तीस मॅच मिळतात, डिसेंबरात वाईट खेळलं तर फेब्रुवारीत भरून काढता येतं. आपल्याकडे शहर झोनच्या मॅच बहुतेक वेळा नॉकआऊट, ड्रॉ वाईट लागला तर पहिल्याच दिवशी बॅग भरून घरी. पुढे निघाला तर इंटर-झोनल, तिथे पुणे जिल्हा, नगर, नाशिकची पोरं, आणि त्यातून युनिव्हर्सिटीची बाराची टीम. वरून सेमिस्टरची परीक्षा आणि सबमिशन नेमकं त्याच सुमाराला. इतक्या थोड्या मॅचवरून पोरगा सुधारला की बिघडला हे ठरवणं म्हणजे निव्वळ अन्याय.

म्हणून मी यंदा एक वही केलीय. माझी मुलगी मॅचला येते तेव्हा तिच्याकडे देणार. तीनच रकाने, असिस्ट, टर्नओव्हर, आणि तिसरा तिनेच सुचवला, डावीकडे ढकलल्यावर पाठ न फिरवता पुढे गेला का. आठ सेकंदांचा पण घालावा असं माझ्या डोक्यात होतं, पण ती म्हणाली बाबा मला मॅच पण बघायचीय.

परवा ताईचा फोन आला होता. "तुला कळतं ना त्यातलं, मग खरं सांग, होईल ना सिलेक्शन?" मी म्हटलं बघू. तिला फोनवर एवढं सगळं कुठे सांगत बसू. माझा अंदाज असा की इंटर-झोनलपर्यंत टीम गेली आणि हा निदान दिवाळीपर्यंत आवाज चढवायला शिकला तर बारात येईल, बाराव्या नाहीतर अकराव्या जागी. वेस्ट झोनला महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थानच्या टीम येतात, तिथे बेंचवर बसेल आणि लीड मोठं असलं तर शेवटची काही मिनिटं मिळतील. टीम गेलीच नाही शहर झोनच्या पुढे, तर ट्रायल्सना एकट्याने जाऊन दिसणं अवघड, पॉइंट गार्डला तर फारच, कारण अनोळखी चौघांबरोबर वीस मिनिटांत कोणाला पास देऊन काय सिद्ध करणार, तिथे सगळे स्वतःच्याच बास्केट टाकत असतात.

ड्रॉ लागला की इथे टाकतो. पहिली मॅच आउटडोअर असेल तर सकाळी लवकर असते, कोणाला यायचं असेल तर या, वहीसाठी अजून एक माणूस लागणार आहे.